अर्धी गोळी

१२ जानेवारी १९९५

परळहून घरी यायला चार वाजले. आत्यांना नेलं नव्हतं. त्यांना आता रिक्षातसुद्धा बसवत नाही. नुसते कागद घेऊन गेले. डॉ. नाडकर्णी वयाने माझ्यापेक्षा लहान आहेत, पण बोलताना डोळ्यांत बघून बोलतात. म्हणाल्या, तुमच्या सासूबाईंचा पिशवीचा कॅन्सर पाठीच्या मणक्यात उतरलाय. आता ऑपरेशन नाही, रेडिएशनचे लाईट नाहीत. दुखू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

"किती दिवस?"

"महिने म्हणा. दोन, चार."

मग एका जाड रजिस्टरात माझं नाव, अंबरनाथचा पत्ता, नातं, सही. नात्याच्या जागी 'सून' लिहिलं. गोळ्यांसाठी एवढी लिखापढी कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "मॉर्फीन आहे. कुलपात ठेवा. दिवसाला पाच. सकाळी सहापासून दर चार तासांनी एक. दुखायला लागलं की देईन, असं करायचं नाही. घड्याळ बघून द्यायची. आणि दुखणं किती ते दहापैकी आकड्यात लिहून आणायचं."

मी मान हलवली. त्यांना काय माहीत, हा शब्द मी फार पूर्वीच डिक्शनरीत शोधून ठेवलाय. अफूच्या बोंडातून निघतं ते मॉर्फीन. आणि मॉर्फीनपासून करतात ते गर्द.

घरी आल्यावर आत्यांना विचारलं, दहापैकी किती दुखतंय? म्हणाल्या, "धा कसले? रुपयातलं सांगते. बारा आणे." आत्यांचा रुपया अजून सोळा आण्यांचाच आहे. डॉक्टरांसाठी एक छोटी वही केली, तीत 'बारा आणे' लिहिलं. ही मोठी वही माझी. कोणाला सांगायचं नाही ते हिच्यात.

१४ जानेवारी

कालपासून पुरी गोळी चालू आहे. आत्या बहुतेक वेळ झोपूनच. दुखणं दोन आण्यांवर आलं. आज दुपारी हाक मारली तर डोळे उघडले आणि हसल्या. भगवान असाच हसायचा, पन्नीवरचा धूर ओढून झाल्यावर. नवरा होता तोवर त्याचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही. आता वहीत घेते.

ट्रंकेतून ते पान काढलं. एक्क्याण्णव साली मिळालेलं. मी औषधाच्या दुकानांसाठी कागदाच्या पिशव्या करते, रद्दी उल्हासनगरहून आणते, आणि खळ लावायच्या आधी वाचते. चौथीपर्यंतची शाळा, बाकीचं सगळं रद्दीतून. हे पान डॉक्टरांच्या कुठल्याशा इंग्रजी मासिकाचं. ते वाचायला डिक्शनरी घेऊन एक उन्हाळा गेला. समासात माझे पेन्सिलीचे अर्थ आहेत.

त्यात असं आहे. मेंदूच्या तळाशी काही पेशी असतात, त्या डोपामिन नावाचं द्रव्य सोडतात. भुकेल्याला भाकरी दिसली की ते थोडं सुटतं, आणि मेंदू लक्षात ठेवतो, हे चांगलं, हे पुन्हा पाहिजे. या पेशींवर दुसऱ्या पेशींचा पहारा असतो. अफूच्या जातीचं औषध त्या पहारेकऱ्यांना गप्प करतं. मग डोपामिनला धरबंध राहत नाही. उंदरांच्या मेंदूत केसासारखी नळी घालून त्यांनी मोजलंय. डोस लहान तर थोडं वाढलं. डोस मोठा तर पुष्कळ वाढलं आणि पुष्कळ वेळ राहिलं. खाली प्रत्येक डोसाची एक अशा रेघा काढल्या आहेत, एकीच्या वर एक.

म्हणजे सगळं डोसात आहे. सगळ्यांत खालच्या रेघेवर राहिलं तर माणूस हातचा जात नाही.

उद्यापासून अर्धी. अडकित्त्यात धरली की गोळी बरोबर मधोमध तुटते.

१५ जानेवारी

प्रत्येक वेळी अर्धी दिली. सकाळी आत्यांनी तळहातावरची अर्धी गोळी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि पाण्याबरोबर घेतली.

संध्याकाळी, "किती दुखतंय?"

"आठ आणे."

दोनाचे आठ झाले. पण आठ म्हणजे निम्मंच. निम्म्या गोळीला निम्मं दुखणं, सोसण्यासारखं आहे. डॉक्टरांच्या वहीत लिहिलं. मला बरं वाटलं.

१९ जानेवारी

उल्हासनगरच्या कॅम्प दोनला रद्दी आणायला गेले. रद्दीवाले टेकचंदशेठ नेहमीसारखेच, "क्या अदी, तोलूँ या पहले पढ़ेगी?" सिंधीत बहिणीला अदी म्हणतात. पंधरा वर्षं मी त्यांची अदी आहे. "तेरी पिशवी में गोली डालो तो गोली को भी अक्कल आती होगी."

मग आत्यांची चौकशी केली. दवा मिळते ना, म्हणाले. मी म्हटलं, मिळते, पण कमीच देते, सवय लागते.

त्यांनी तराजू खाली ठेवला. "किसको सवय? बुढ्ढी को? अब उसको शादी करनी है क्या?" आणि हसले. मी हसले नाही तसे तेही थांबले. म्हणाले, "मेरी अम्मा इधरीच बराक में गई. अड़सठ में. चिल्ला चिल्ला के गई, अदी. उस टाइम दवा नहीं था."

त्यांचं खरं आहे. पण त्यांच्या घरात गर्द शिरलेलं नाही.

२३ जानेवारी

आत्यांच्या गोधडीचा एक कोपरा कुरतडलेला दिसला. टाके उसवून आतलं जुनं लुगडं बाहेर आलंय. घरात उंदीर झालेत. शेजारच्या वेणूबाईकडून सापळा आणायला गेले तर ती मागोमाग बघायलाच आली.

"माझ्याकडं गव्हाचं पोतं आहे ते सोडून उंदीर तुझी गोधडी खायला येतो होय? तुझ्यासारखाच शिकलेला दिसतोय."

कोपरा हातात घेऊन म्हणाली, "आणि हे ओलं कसं गं?"

"तांब्या सांडला असेल."

आत्या भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. तिकडूनच म्हणाल्या, "असंल उंदीर."

२८ जानेवारी

सापळ्यात पाच दिवस भाकरीचा तुकडा वाळतोय. उंदीर आला नाही. गोधडीचा दुसरा कोपरा गेला.

आठ आणे. रोज आठच. सकाळी, दुपारी, केव्हाही विचारा. अर्धी गोळी त्यांना बरोबर बसली.

३१ जानेवारी

भगवानला जाऊन आज सात वर्षं झाली. फोटोपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. आत्यांनी पडल्यापडल्या हात जोडले.

कंपनीत रात्रपाळीला दोघांनी त्याला ओढायला शिकवलं. सुटायचं त्याच्याही मनात होतं. म्हणाला, मला घरात कोंडा. अकरा दिवस कोंडला. गर्द न मिळाल्याची टर्की लागली की पोटात पीळ पडायचा, नाकाडोळ्यांतून पाणी, हाडं कुणी मुसळाने कांडावीत तसा लोळायचा. अकराव्या दिवशी पेजेचं आख्खं पातेलं संपवलं. मला वाटलं, सुटलो. बाराव्या दिवशी सकाळपासून पुन्हा तगमग सुरू झाली. मी पिशव्या पोचवायला गेले, दोन तासांत आले. तो मोरीत भिंतीला टेकून बसलेला, ओठ निळे. पन्नी पायाशी. आत्या पदर तोंडात धरून दारात उभ्या. त्याच गेल्या होत्या कॅम्पात. साठी ओलांडलेली बाई, त्या गल्लीत विचारत विचारत जाऊन पुडी घेऊन आली. लेकाचं ओरडणं बघवलं नाही म्हणून.

रोज घ्यायचा तेवढीच पुडी. मग मेला कसा, हे कळायला मला तीन वर्षं लागली. त्याच मासिकाच्या दुसऱ्या पानावर होतं. रोज घेतलं की शरीराला तो डोस सवयीचा होतो. सोडला की ती सवय उतरते, दहा-बारा दिवसांतही पुष्कळ उतरते. मग जुनाच डोस नव्या माणसाने घेतल्यासारखा होतो. श्वास थांबतो.

हे मी आत्यांना सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. सात वर्षं एका खोलीत आहोत, त्या दिवसाबद्दल एक शब्द बोललो नाही. भांडलोही नाही. चाळीत म्हणतात, सासू-सुना असाव्यात तर अशा.

मी त्यांना दोष देत नाही. हे मी दरवर्षी या तारखेला लिहिते.

४ फेब्रुवारी

सकाळी दहाची गोळी देताना आत्यांनी विचारलं, "ह्यात काय असतंय गं?"

"दुखणं थांबवायचं औषध."

"त्ये कळतंय. कशाचं?"

मला खोटं बोलता येत नाही. "अफूचं. गर्द ज्याचं करतात त्याचंच."

त्यांनी ती अर्धी गोळी बोटांत फिरवली. "त्याच्याच जातीचं व्हय," म्हणाल्या. ती घेतली, पण दुपारची नको म्हणाल्या. संध्याकाळचीही. "चार आणेच हाय. कशाला उगं."

चार आणे! म्हणजे खालच्या रेघेचा उपयोग झाला. अशाने हळूहळू गोळी सुटेलसुद्धा.

७ फेब्रुवारी

विहारात रमाईची जयंती. गेले नाही. लाऊडस्पीकरवर भाषणं ऐकू येत होती, ऐकत पिशव्या केल्या. बायका नव्या पांढऱ्या साड्या नेसून दारावरून गेल्या. कोणी हाक मारली नाही. मी येत नाही हे सगळ्यांना माहीत झालंय.

वेणूबाई खीर घेऊन आली. आत्यांना ती भिमामावशी म्हणते. आत्यांनी दोन चमचे घेतले. जाताना मला दारापर्यंत ओढत नेऊन म्हणाली, "शालन, तू रद्दीला गेलीस ना की भिमामावशीचा आवाज येतो भिंतीतून."

"झोपेत बोलत असतील."

"झोपेत? दिवसाउजेडी? आणि तू आलीस की बरी झोप उडते त्यांची."

वेणूबाईला तिखटमीठ लावायची सवय आहे.

९ फेब्रुवारी

आज परळला गेले. निम्म्याहून जास्त गोळ्या उरल्या होत्या. त्या डबीत घातल्या, मासिकाचं ते पान घडी करून वहीत ठेवलं. खरं सांगायचं तर मनात होतं की डॉक्टर शाबासकी देतील.

त्यांनी डबी उघडली आणि रजिस्टर ओढलं. "एवढ्या कशा उरल्या?"

मी सांगितलं. पान पुढे ठेवलं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं, माझे पेन्सिलीचे अर्थसुद्धा. हसल्या नाहीत.

"हे तुम्ही डिक्शनरी घेऊन वाचलंत?"

"हो."

"सगळं बरोबर समजलंय तुम्हाला." मग पेनाच्या टोकाने समासात एका जागी ठोकून म्हणाल्या, "एकच सांगा, शालनताई. त्या उंदरांना काही दुखत होतं का?"

तिथे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. तंदुरुस्त नर उंदीर.

"मॉर्फीन आधी दुखण्याशी झुंजतं," त्या म्हणाल्या. "दुखणाऱ्या माणसाला ते घेऊन भाकरी खाता येते, कूस बदलता येते. शरीराला सवय होते, म्हणून आम्ही एकदम बंद करत नाही. पण ती सवय वेगळी आणि हव्यास वेगळा. पुडीसाठी घरातली भांडी विकणारी कॅन्सरची म्हातारी मी अजून तरी पाहिली नाही."

"माझा नवरा गर्दाने गेला."

"त्यांचं कुठे दुखत होतं?"

त्यांनी छोटी वही चाळली. आठ, आठ, आठ. मग चार, चार. "दुखणं असं एका आकड्यावर बसून राहत नाही. त्या तुम्हाला खरं सांगत नाहीत. का सांगत नाहीत ते तुम्ही बघा."

परतताना लोकलमध्ये कळव्याच्या पुढे कुठेतरी मला रडू आलं, पण ते रागाचं होतं. एवढं वाचून मी काय केलं.

रोजच्यापेक्षा लवकर घरी पोचले. दार लोटलेलं होतं. आत्यांच्या दोन्ही हातांत खाटेचा गज, आणि गोधडीचा कोपरा दातांत. मान ताठ. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या. आवाज असा येत होता, जसा लांब कुठे कुणी जातं ओढतंय. खाटेखाली सापळा तोंड उघडून बसलेला.

मला बघितल्यावर त्यांनी गोधडी तोंडातून काढली. श्वास जुळवला. म्हणाल्या, "आलीस? चा ठिवू का?"

त्यांना उठून बसताही येत नाही.

१० फेब्रुवारी

काल पुढचं लिहवलं नाही. आज लिहिते.

मी पुरी गोळी काढली. त्यांनी मूठ मिटली. "अर्धीच दे."

"डॉक्टरांनी पुरी सांगितली आहे. पहिल्यापासून पुरीच सांगितली होती."

"म्हायती हाय. पैल्यांदा पुरीच देत व्हतीस. मंग अर्धी केलीस. म्या म्हनलं, बरोबर हाय."

"काय बरोबर?"

"तू सात वर्सं कायबी बोलली न्हाईस, शालन. म्या वाट बघितली. भांडशील, हात उचलशील, भाईर काढशील. तू आपली येळच्या येळी भाकरी देतीस. मंग अर्धी गोळी बघितली आन म्हनलं, आता बोलाया लागली."

मी म्हटलं, "आत्या, मी उंदरांचं वाचलं होतं. म्हणून दिली अर्धी."

"असंल," त्या म्हणाल्या.

मी त्यांची मूठ उघडली. एकेक बोट. गोळी ठेवली. "माझ्यासाठी घ्या," म्हटलं. असं मी त्यांना कधी काही मागितलं नव्हतं. घेतली. तासाभराने गजावरचे हात सुटले.

आज ही वही मागून चाळली. पंधरा जानेवारीला मी लिहिलंय, मला बरं वाटलं. त्यांचं दुखणं दोनाचं आठ झालं आणि मला बरं वाटलं. कशाने? गोळी कमी लागली म्हणून, असं तेव्हा मला वाटलं होतं. ते पान फाडायला धरलं, मग राहू दिलं.

१३ फेब्रुवारी

दोन आणे. या वेळी खरे असावेत, कारण मधे एकदा सहा म्हणाल्या, आणि एकदा "आत्ता कायबी न्हाई" म्हणाल्या.

पहिले दोन दिवस झोप फार होती, आज उतरली. उशी लावून बसल्या. मी सुपारी कातरून दिली. वेणूबाई सापळा न्यायला आली.

"काय मावशी, सापडला का उंदीर?"

"सापडला की. दात पडलेत त्याचे."

वेणूबाई आधी हसली आणि मग माझ्याकडे बघून गप्प झाली. ती आता हे चाळभर करेल. करू दे.

हसल्या तेव्हा मी आत्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. भगवानचं हसू नव्हतं ते. दुखायचं थांबलेल्या बाईचं हसू होतं. मी चौदा जानेवारीलाही तेच बघितलं होतं.

१८ फेब्रुवारी

आज दुपारी दोनच्या गोळीच्या आधी आत्या आपणहून बोलल्या. मी खळ ढवळत होते.

"पुडी दिली तवा म्या त्याला काय म्हनले, ठावं हाय का तुला?"

"नाही."

"म्हनले, घे, आन मर येकदाचा."

मी चुलीवरून खळ उतरवली.

"ल्हानपनी लय ऐकायचा माझं. मोठेपनी येकच गोष्ट ऐकली." मग जरा थांबून, "त्यानं जादा घेतली व्हती का गं? मरायला म्हनून?"

सात वर्षं ही बाई हे घेऊन निजली आणि उठली. माझ्यापासून दोन हातांवर. मला वाटत होतं, त्यांच्या मनावर पुडीचं ओझं आहे. पुडीचं नव्हतंच, त्या शब्दांचं होतं.

मी दुसरं पान काढलं. त्यांना वाचता येत नाही, पण कागद बघितल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नाही. बोटाने रेघ दाखवत सांगायला लागले. त्यांच्या डोक्यावरून गेलं. मग दुसरं सुचलं.

"आत्या, तुम्ही बिल्डिंगच्या कामावर घमेली उचलायचात ना?"

"बारा वर्सं."

"टायफॉईडने पडला होतात, तेव्हा पंधरा दिवस घरी होतात. परत गेलात त्या दिवशी काय झालं?"

"काय व्हायचं? घमेल्यासकट पडले. मुकादम बोंबलला."

"घमेलं जड झालं होतं का?"

"न्हाई. त्येवढंच व्हतं." स्वतःच्या मानेला हात लावून म्हणाल्या, "मान उतरली व्हती."

"तसंच झालं. पुडी तेवढीच होती. जादा एक कण नव्हता. अकरा दिवसांत त्याची ताकद उतरली होती, आणि त्याला ते माहीत नव्हतं. तुम्हाला नव्हतं, मला नव्हतं."

"म्हंजी त्यो मोरीत मरायला न्हाई बसला?"

"नाही. तो रोजच्यासारखी पुडी घ्यायला बसला होता. संध्याकाळी जेवला असता."

"माझं ऐकून न्हाई?"

"नाही, आत्या."

आत्या उताण्या पडलेल्या होत्या. डोळ्यांतून पाणी कानांकडे गेलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग विचारलं, "तुला कवापासनं ठावं हाय ह्ये?"

"एक्क्याण्णवपासून."

बोटांवर मोजलं त्यांनी. "चार वर्सं," म्हणाल्या.

एवढंच. माझ्याकडे बघितलं नाही. दोन वाजले होते, गोळी दिली, घेतली. मी पिशव्या करायला बसले. खळ गार होऊन तिच्यावर साय धरली होती.

१९ फेब्रुवारी

आत्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. गोळ्या घेतल्या. दुखणं विचारलं तर बोटांनी दाखवलं, तीन.

२० फेब्रुवारी

नाहीच बोलल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. आता कळतं, त्यांना सात वर्षं काय वाटलं असेल.

२१ फेब्रुवारी

दुपारची गोळी घेतल्यावर म्हणाल्या, "त्ये घमेल्याचं परत सांग."

सांगितलं.

६ मार्च

पाठीचं दुखणं वाढलं. वेणूबाईला बसवून परळला जाऊन आले. आता दीड गोळी. डॉक्टर म्हणाल्या, वाढवावी लागली याचा अर्थ सवय लागली असा नाही, आजार पुढे गेला. मला ते सांगायची गरज नव्हती, पण ऐकून घेतलं. छोटी वही बघून म्हणाल्या, आता खरे आकडे दिसतात.

दुपारच्या गोळीनंतर रोज तेच. "सांग." मी सांगते. मधलं गाळलेलं त्यांना चालत नाही. मुकादम आला पाहिजे, टायफॉईड आला पाहिजे. 'मान उतरली व्हती' हे त्या स्वतः म्हणतात. मग माझं, पुडी तेवढीच होती. शेवटी त्या विचारतात, माझं ऐकून न्हाई? मी म्हणते, नाही, आत्या. मग झोप लागते.

चार वर्षं का सांगितलं नाही, हे त्या विचारत नाहीत. मीही अजून स्वतःला पुरतं विचारलेलं नाही.

१४ मार्च

खाणं जवळजवळ थांबलं. पेजेचं पाणी चमच्याने. गोळी पाण्यात विरघळवून देते, डॉक्टरांनी तसं सांगितलंय. दुखणं विचारलं की मान नकारार्थी हलवतात. गज धरत नाहीत. गोधडीला मी नवा काठ शिवला.

आज दुपारी "सांग" म्हणाल्या, पण ओठच हलले, आवाज आला नाही. मी खाटेजवळ बसून सुरुवात केली. बारा वर्षं बिल्डिंगचं काम. टायफॉईड. पंधरा दिवस. पहिल्या दिवशीचं घमेलं, मुकादमाची बोंब. घमेलं जड झालं होतं का, असं विचारून मी थांबले.

बघितलं तर डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, श्वास संथ चाललेला. झोप लागली होती. वेणूबाई गावाला गेली आहे. पाण्याची वेळ नव्हती, चाळीत कुठेही बादली वाजत नव्हती.

त्यांचं वाक्य मीच म्हटलं. मान उतरली होती. आणि पुढचं सगळं, न थांबता, 'नाही, आत्या' इथपर्यंत, मोठ्याने सांगितलं.